गोठ्यापर्यंत जमिनीखालून लाईट: चर सोपा, दोन टोकं अवघड

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरापासून गोठा साधारण ८० मीटर. आत्ता बांबूंवरून ओढलेल्या वायरवर काम चाललंय आणि गेल्या पावसाळ्यात ती दोनदा तुटली. गोठ्यात आठ जनावरं, दोन एचपीची सिंगल फेज कडबाकुट्टी, दूध काढायचं लहान मशीन, पाण्याची अर्ध्या एचपीची मोटर आणि पाच-सहा एलईडी. आता केबल जमिनीखालून न्यायची, तीही स्वतः. किती खोल, कुठली केबल, पाईपात घालायची का, हे तुम्ही विचारलंय. आणि जाता जाता, जुनी वायर अडीअडचणीला राहू द्यावी का.

मी संगमनेर-अकोले भागात वीसेक वर्षं वायरिंगचं काम करतो. गोठे, पोल्ट्री, कांदाचाळी, सगळीकडे केबली टाकल्यात. तुमचे प्रश्न बहुतेक चराचे आहेत आणि त्यांची उत्तरं देतोच. पण काम झाल्यावर लोकांचे फोन चरासाठी येत नाहीत. एक फोन येतो, "कडबाकुट्टी नुसती गुंगुं करते, फिरतच नाही." दुसरा येतो, "म्हैस गव्हाणीला तोंड लावत नाही, थरथरते." पहिल्याचं मूळ केबलच्या जाडीत असतं, दुसऱ्याचं अर्थिंगमध्ये. म्हणून तुमचा प्रश्न मी असा वाचतो: घरापासून ८० मीटर लांब, ओल्या कोब्यावर, लोखंडी साखळीला बांधलेल्या जनावराजवळ फॉल्ट झाला तर लाईट आपोआप आणि लगेच बंद कशी होणार? याचं उत्तर पक्कं असेल तर चर दोन इंच कमी-जास्त झाला तरी बिघडत नाही.

स्वतः करण्याबद्दल आधी बोलू. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा नियम आहेत, त्याआधीच्या २०१० च्या नियमांतही हेच होतं: बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी कामं सोडली तर नवीन किंवा वाढीव वायरिंग लायसन असलेल्या ठेकेदारामार्फतच करायचं असतं. मी माझ्या धंद्यासाठी सांगतोय असं वाटेल, पण वाटणी तुमच्या फायद्याचीच आहे. चर खोदणं, वाळू टाकणं, केबल अंथरणं, विटा लावणं, बुजवणं हे सगळं तुम्ही करा. खरी अंगमेहनत आणि मजुरी तिथेच आहे. दोन्ही टोकांची जोडणी, बोर्ड, अर्थिंगची मोजणी आणि टेस्ट रिपोर्ट वायरमनकडून घ्या. ते एका दिवसाचं काम आहे. उद्या काही विपरीत घडलंच तर विद्युत कायदा २००३ च्या कलम १६१ खाली विद्युत निरीक्षक चौकशीला येतो, आणि काम कोणी केलं हे तो विचारतोच.

कुदळ मारण्याआधी मीटरचं बघा. घरचं मीटर गावठाण फीडरवर असेल, विहिरीचं शेती फीडरवर. शेती फीडरला थ्री फेज ठरावीक तासच मिळतं, कधी दिवसा, कधी रात्री. पहाटे पाचला धार काढायची तर त्या भरवशावर राहता येत नाही, म्हणून घरच्या मीटरवरून न्यायचा तुमचा विचार बरोबर आहे. पण दूध डेअरीला घालता, म्हणजे हा धंदा झाला. घरगुती मीटरवर तो चालवला तर कलम १२६ खाली अनधिकृत वापराची नोटीस येऊ शकते. दोन गायी घरच्या दुधासाठी असतील तर कोणी बघत नाही, आठ असतील तर महावितरणच्या उपविभागात जाऊन कुठला दर लागतो ते आधी विचारा आणि जोडभारही वाढवून घ्या. आणि मधे भावकीचा तुकडा किंवा सरकारी रस्ता येत असेल तर केबलच्या आधी तो विषय मिटवा. चर खोदल्यावर मिटवायला गेलात की चरासकट भांडण होतं.

आता केबलची जाडी. सगळे दुकानात जाऊन विचारतात, "दोन एचपीला किती एमएम लागते?" दुकानदार म्हणतो अडीच, म्हणजे तारेचा छेद अडीच चौरस मिलिमीटर. घरातल्या घरात, दहा-पंधरा मीटरला ते चालतं. ८० मीटरला चालत नाही, कारण करंट जातो ८० आणि येतो ८०, म्हणजे वायर १६० मीटर झाली. अडीच एमएम तांब्याचा रेझिस्टन्स किलोमीटरला साधारण ७.४ ओहम असतो. १६० मीटरचा झाला १.१९ ओहम. दोन एचपीची सिंगल फेज मोटर चालताना १२ अँपिअरच्या आसपास घेते, म्हणजे १४ व्होल्ट वाटेतच गेले. एवढं एखादा सोसेल. पण मोटर सुरू होताना पाचपट, सहापट करंट ओढते. ६० अँपिअर धरा. ६० गुणिले १.१९ म्हणजे ७१ व्होल्ट. संध्याकाळी सगळ्या गावाच्या मोटारी चालू असताना तुमच्या घरात २३० येत नाहीत, १९५-२०० येतात. त्यातून ७१ गेले की मोटरला उरले १२५-१३०. मग ती गुंगुं करणारच. तशीच दहा-वीस सेकंद धरून ठेवली की वाइंडिंग जळतं, आणि माणूस मोटर भरून आणून परत त्याच वायरला लावतो.

हाच हिशोब दुसऱ्या जाड्यांना लावला तर असं निघतं. चार एमएम तांबं: चालताना ९ व्होल्ट, सुरू होताना ४४. दहा एमएम ॲल्युमिनियम: चालताना ६, सुरू होताना ३०. सोळा एमएम ॲल्युमिनियम: चालताना ४ पेक्षा कमी, सुरू होताना १८. लाईटला ३ टक्के आणि बाकी लोडला ५ टक्क्यांपर्यंत ड्रॉप चालतो असं वायरिंगचं कोड सांगतं, म्हणजे कागदावर चार एमएम तांबंही पास होतं. पण कागदावर २३० व्होल्ट असतात, गावात नसतात. तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज किती असतं हे मला इथून कळणार नाही. चार दिवस सायंकाळी सात ते आठच्या दरम्यान मल्टिमीटर लावून व्होल्टेजचे आकडे लिहून ठेवा. २१० च्या वर राहत असेल तर दहा एमएम ॲल्युमिनियम पुरे. १९० ला येत असेल तर सोळा घ्या. १८० च्या खाली जात असेल तर दोष तुमच्या केबलचा नाही, डीपीचा (गावच्या ट्रान्सफॉर्मरचा) आहे, आणि त्याला कुठलीही केबल पुरणार नाही. मोटरच्या पाटीवर फुल लोड अँपिअर लिहिलेले असतात, माझ्या १२ ऐवजी तो आकडा घालून गणित परत करून बघा. भरलेल्या मोटारी पाटीपेक्षा जास्तच घेतात, हेही लक्षात असू द्या.

तांबं की ॲल्युमिनियम? एवढ्या अंतराला मी ॲल्युमिनियम घालतो. चार एमएम तांबं आणि सहा एमएम ॲल्युमिनियम यांचा रेझिस्टन्स सारखाच, सहा तांबं आणि दहा ॲल्युमिनियम सारखंच. किंमत बघितली की ठरवायला वेळ लागत नाही. शिवाय तांब्याची केबल शेतात उकरून नेणारे लोक असतात.

केबल आर्मर्डच घ्यायची, म्हणजे आत लोखंडी पट्टी किंवा तारांचं कवच असलेली. आयएस ७०९८ चा आयएसआय मार्क आणि ११०० व्होल्ट छापलेलं बघून घ्या. काळी सर्व्हिस वायर किंवा घरात वापरतो ती वायर पाईपात घालून पुरणारे खूप आहेत. दोन-तीन वर्षं ती चालतेही. मग घूस येते. घुशीला ती वायर खायची नसते, तिला बीळ पुढे न्यायचं असतं आणि वायर आडवी येते, म्हणून ती कुरतडते. वाळवीही मऊ पीव्हीसी सोडत नाही. लोखंडी कवचापाशी दोघींचं काही चालत नाही.

कोर, म्हणजे केबलच्या आतल्या वेगळ्या तारा, किती, तर चार. आज तुम्हाला फेज, न्यूट्रल आणि अर्थ असे तीनच लागतील, चौथा मोकळा राहील. पण उद्या थ्री फेज मिल्किंग मशीन किंवा दूध थंड करायची टाकी घ्यायचं ठरलं तर? तीन आणि चार कोरच्या किमतीतला फरक हा ८० मीटर चर परत खोदण्याच्या मजुरीपुढे काहीच नाही. त्याच विचाराने एक इंचाचा रिकामा एचडीपीई पाईपही केबलपासून फूटभर बाजूला टाका, आत नायलॉनची दोरी ओवून. कॅमेऱ्याची वायर कधी ना कधी टाकाल.

मापाला फीत नको, दोरी घ्या. ज्या वाटेने चर जाणार त्याच वाटेने दोरी अंथरा, दोन्ही भिंतींवर बोर्डापर्यंत चढवा, आणि त्यावर तीन-चार मीटर जास्त धरा. ८० मीटर सांगणाऱ्याला ९२ लागते, हा माझा अनुभव. केबल अख्खी घ्या. जमिनीत सांधा नको. सांधा करायची किट मिळतात, मीही केलेत, पण नव्या कामात मुद्दाम सांधा पुरणं म्हणजे बिघाडाची जागा आधीच ठरवून ठेवणं.

आता चर. आयएस १२५५ मध्ये लो टेन्शन केबलला ०.७५ मीटर खोली सांगितली आहे, म्हणजे अडीच फूट, आणि रस्त्याखाली एक मीटर. अंगणातून, बांधाच्या कडेने जात असाल तर अडीच फूट धरा. नांगरटीच्या रानातून जात असाल तर तीन. रोटाव्हेटर सहा-आठ इंच जातो, पल्टी नांगर फूटभर, पण सबसॉयलर दीड-दोन फुटांपर्यंत पोचतो, आणि भाड्याने आलेल्या ट्रॅक्टरवाल्याला खाली केबल आहे हे कोण सांगणार? जमलं तर रानातून नेऊच नका. बांधाने वळसा घेऊन दहा-बारा मीटर केबल जास्त गेली तरी परवडते.

माती बघून थोडं बदलावं लागतं. काळ्या रानात उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच माती फुगते. ताणून टाकलेली केबल त्यात ओढली जाते. तिथे सापासारखी थोडी नागमोडी टाका आणि वाळू सढळ घाला. मुरमात आणि दगडगोट्यांत उलटी अडचण: माती हलत नाही, पण अणकुचीदार खडा केबलवर बसून वर्षानुवर्षं टोचत राहतो. तिथे बारीक माती चाळून घ्या. दोन फुटांवर पाषाण लागला आणि ब्रेकर आणणं परवडत नसेल तर तेवढ्या भागात मी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाईपातून केबल नेऊन वर चार-सहा इंच काँक्रीट ओततो.

तळाशी तीन इंच वाळू, त्यावर केबल, वर परत तीन इंच वाळू, त्यावर आडव्या विटा एकाला एक लावून. मग फूटभर माती, तिच्यावर लाल किंवा पिवळी इशाऱ्याची प्लास्टिक पट्टी, मग उरलेली माती. लोक विटांना नाकं मुरडतात, "आर्मर्ड आहे ना, मग विटा कशाला?" पहारीचा घाव आर्मरला पेलत नाही. पण पहार विटेवर आदळली की माणूस थांबतो, कारण रानात दोन फुटांवर वीट कशी, हे त्याला कोडं पडतं. पाण्याची पाईपलाईन आडवी येईल तिथे फूटभर अंतर ठेवा.

केबल टाकताना गुंडाळी जमिनीवर आडवी ठेवून वेटोळी सोडू नका, तिला पीळ बसतो. गुंडाळी उभी धरून चाकासारखी फिरवत न्या, किंवा पहारीवर ड्रम चढवून ओढा. वळण अंदाजे केबलच्या जाडीच्या बारापट त्रिज्येपेक्षा आखूड नको, मी सरळ फूटभर धरतो. दोन्ही टोकं कापल्या कापल्या टेपने किंवा टोपीने बंद करा. एकदा वळवाच्या पावसात मी उघडं टोक रात्रभर चरात राहू दिलं. पाणी तारांच्या पोटातून आत शिरलं, सकाळी मेगरवर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) रीडिंग मिळेना, आणि शेवटी दोन मीटर कापून टाकावी लागली. तेव्हापासून खिशात टेप असतेच.

पाईपचं उत्तर: पूर्ण लांबीला नको. आर्मर्ड केबल थेट मातीत टाकण्यासाठीच बनवलेली असते. ८० मीटर पाईप घातला तर केबल आत तापते, पाईपात पाणी साचतं, आणि तोंडं नीट बंद केली नाहीत तर उंदीर त्याच पाईपातून ये-जा करतात. पाईप घाला तो बैलगाडी-ट्रॅक्टरच्या वाटेखाली, भिंतीत शिरताना, आणि जमिनीतून वर येताना सहा फुटांपर्यंत. तो शेवटचा तुकडा जीआय असू द्या, कारण जनावर तिथे अंग घासतं.

इथपर्यंत तुमचं काम. आता दोन टोकं, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

अर्थिंगबद्दल खेड्यात एक समज पक्का बसलाय: खड्डा केला, मीठ-कोळसा टाकला, पाईप गाडला, बल्ब लावून बघितला, पेटला, म्हणजे अर्थिंग पास. हा बल्ब फसवतो. १०० वॅटचा बल्ब २३० व्होल्टवर असतो साधारण ५२९ ओहमचा. तुमची अर्थिंग ५० ओहमची, म्हणजे कामातून गेलेली असली, तरी बल्बला २१० व्होल्ट मिळतात आणि तो लख्ख पेटतो. बल्ब एवढंच सांगतो की कुठेतरी जोड आहे. ओहम मोजायला अर्थ टेस्टर लागतो, दोन खिळे रोवून मोजतात तो. वायरमनकडे तो नसेल तर भाड्याने आणायला लावा.

आता समजा मुरमाड जमिनीत तुमची अर्थिंग २० ओहम निघाली. वाईट आहे, पण उन्हाळ्यात असे आकडे मी नेहमी बघतो. कडबाकुट्टीच्या मोटरमध्ये फेज बॉडीला लागली. करंट बॉडीतून अर्थिंगमध्ये, तिथून जमिनीतून डीपीच्या अर्थिंगकडे जाणार. डीपीची ५ ओहम धरली तर एकूण २५. २३० भागिले २५, म्हणजे ९ अँपिअर. तुमचा एमसीबी, म्हणजे जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच, २० चा. ९ अँपिअरला तो कधीच पडणार नाही. दिवसभर, रात्रभर, कडबाकुट्टीच्या लोखंडावर १८० व्होल्ट उभे राहणार, आणि अर्थिंग केलेली असूनही माणूस मरणार. "अर्थिंग होती तरी शॉक कसा बसला?" असं लोक विचारतात, त्याचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

म्हणून आरसीसीबी. गेला तेवढा करंट परत आला का, एवढंच तो बघतो. ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की क्षणात तोडतो. २० ओहमच्या त्याच वाईट अर्थिंगवर ३० मिलीअँपिअर म्हणजे बॉडीवर जेमतेम अर्धा-पाऊण व्होल्ट. गोठ्याच्या बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी हवाच, यावर मी कोणाशी घासाघीस करत नाही. ग्राहक नको म्हणाला तर काम सोडतो.

घराच्या टोकाला गोठ्याची लाईन मेन स्विचनंतर वेगळी काढा, घराच्या आरसीसीबीच्या आधी, तिच्या स्वतःच्या २० किंवा २५ अँपिअरच्या सी टाईप एमसीबीवर. त्याबरोबर १०० मिलीअँपिअरचा, थोडा उशिरा पडणारा एस टाईप आरसीसीबी बसवा. तो कशाला? उद्या पहार केबलमध्ये घुसली आणि फेज आर्मरला लागली तर गोठ्यातला आरसीसीबी पुढे आहे, त्याला ते दिसणारच नाही. घराकडचा बघेल. एस टाईप तालुक्याला पटकन मिळत नाही, मागवून घ्या. दोन्हीकडे ३० चेच लावले तर गोठ्यातल्या फॉल्टला कधी हा पडेल, कधी तो, आणि पहाटे अंधारात तुम्ही ८० मीटर चालत घरी याल.

आता एक गोष्ट परिस्थितीवर अवलंबून आहे. घराची आणि गोठ्याची अर्थिंग केबलच्या आर्मरने आणि अर्थच्या कोरने एकमेकांना जोडायची का? घरात चालू स्थितीत आरसीसीबी असेल तर जोडा, दोन अर्थिंग मिळून आकडा सुधारतो. घरात आरसीसीबी नसेल तर जोडू नका, कारण मग घरच्या गीझरचा फॉल्ट या केबलवरून थेट गव्हाणीच्या लोखंडावर येईल. तसं असेल तर आर्मर फक्त घराच्या टोकाला अर्थ करा, गोठ्याच्या टोकाला प्लास्टिकच्या बॉक्समध्ये सुटं ठेवा, अर्थचा कोरही तिथे जोडू नका, आणि गोठ्याला स्वतंत्र अर्थिंग द्या. माझ्या मते आधी घराला आरसीसीबी बसवणं हाच खरा मार्ग, पण जुन्या वायरिंगमध्ये तो बसवला की पडत राहतो, कारण कुठेतरी न्यूट्रल अर्थिंगला लागलेलं असतं. ते शोधायला अर्धा दिवस जातो. शोधायचं सोडून आरसीसीबीच काढून फेकलेली दहा तरी घरं मी दाखवीन.

जनावरांचं वेगळं का सांगतोय, तेही बघा. माणसाला कोरड्या जागी ५० व्होल्टपर्यंत धोका कमी असं धरतात, जनावरांच्या जागी त्याच्या निम्मे, २५, धरायची पद्धत आहे. गायीच्या पायात चप्पल नाही, ती मुतात-शेणात उभी, तोंड ओल्या गव्हाणीत, आणि पुढच्या-मागच्या पायांत चार-पाच फूट अंतर. त्या अंतरात जमिनीवर व्होल्टेजचा फरक पडला तर करंट तिच्या छातीतून जातो.

काही वर्षांपूर्वी मला एका गोठ्यावर बोलावलं होतं. म्हैस लोखंडी हौदातलं पाणी पीत नव्हती. तोंड लावायची, मान झटकायची, मागे सरायची. बादलीने दिलं की गटागटा प्यायची. डॉक्टर येऊन गेले, दृष्ट काढून झाली, हौद दोनदा घासून झाला. मी मल्टिमीटरचा एक काटा हौदाच्या काठाला लावला, दुसरा एका सळईला बांधून सळई ओल्या जमिनीत रोवली. ७ व्होल्ट. माणसाला हे हाताला जाणवतही नाही. पण जनावराचं अंग साधारण ५०० ओहमचं धरतात, म्हणजे १४ मिलीअँपिअर तिच्या जिभेतून पायापर्यंत. कारण शोधलं तर गोठ्यात फेजची एकच वायर आलेली. न्यूट्रल म्हणून हौदाशेजारी सळई ठोकून दोन बल्ब आणि पंखा त्यावर चालवलेला. हौदाचा नळ त्या सळईला खेटून. पंखा बंद केला की मीटरवरचा आकडा खाली यायचा, चालू केला की चढायचा. मालकाला मीटर हातात दिलं आणि पंख्याचं बटण दाबून दाखवलं, तेव्हा पटलं. ही "अर्थिंगचा न्यूट्रल" करायची सवय आपल्याकडे मोठी आहे. तुमच्या जुन्या वायरीत तसं नाही ना, हे आधी बघा. आरसीसीबी लावल्यावर हा प्रकार चालूच शकत नाही, तो त्याच क्षणी पडतो.

त्यामुळे गोठ्यात गव्हाणीचे पाईप, दावणीचे खुंटे, हौद, पत्र्याचे खांब आणि मशीनची बॉडी, सगळं जीआय पट्टीने एकमेकांना जोडून अर्थिंगला न्या. कोबा नव्याने करणार असाल तर त्यातल्या जाळीलाही जोडा, ही संधी परत मिळत नाही. सगळं लोखंड आणि खालची जमीन एकाच व्होल्टेजला राहिली की जनावराला फरक जाणवत नाही.

बोर्ड दाराजवळ, जनावराच्या तोंडाला आणि शेपटीला न लागेल असा, पाच-साडेपाच फुटांवर, आयपी ६५ च्या, म्हणजे धूळ-पाणी आत न जाऊ देणाऱ्या, प्लास्टिक बॉक्समध्ये. मुताच्या वाफेतला अमोनिया तांबं आणि पितळ खातो. उघड्या बोर्डातले स्क्रू दोन वर्षांत हिरवे होतात. केबल खालून शिरवा, वरून नाही, आणि ग्लँड (बॉक्सच्या भोकात केबल पकडणारा नट) घट्ट बसवा. ॲल्युमिनियमचा कोर थेट पितळी टर्मिनलमध्ये आवळू नका. बायमेटल लग (एका बाजूला ॲल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबं असलेलं टोक) क्रिम्पिंगच्या पकडीने दाबून बसवा आणि जोडावर पेस्ट लावा. साधं आवळलं तर जोड सैल होऊन तापतो, आणि गोठ्यात कडबा असतो.

क्रम असा ठेवा. केबल चरात टाकून वाळू घातली की विटा लावण्याआधी मेगर घ्या. बुजवल्यावर परत घ्या. दोन्ही वेळी शेकड्यांत मेगाओहम दिसायला हवेत. मग अर्थिंगचे ओहम. मग टोकं जोडून आरसीसीबीचं टेस्ट बटण. हे बटण पुढे दर महिन्याला दाबा, पहिल्या तारखेला, डेअरीचं बिल येतं त्या दिवशी. आणि चर उघडा असतानाच फोटो काढा, घराच्या कोपऱ्यापासून आणि विहिरीपासून फितीने माप धरलेले. प्रत्येक वळणावर एक दगड रोवून रंग मारा.

राहिली जुनी वायर. ती काढा, दोन्ही टोकांनी सोडवून, बांबूंसकट. अडीअडचणीला म्हणून ठेवलेली वायर कोणीतरी एके दिवशी जोडतं, बहुतेक वेळा तुम्ही घरी नसताना, आणि ती जोडली जाते आरसीसीबीला वळसा घालून. मग खाली केबलचा एमसीबी पाडून बोर्डात हात घालणाऱ्याला वरून लाईट चालू आहे हे कळत नाही. वायर चांगली असेल तर अंगणातल्या दिव्याला वापरा.